परदेशातून जुनं कर्ज मिटवताना: पैसे भरणं ही शेवटची पायरी

बँकेच्या वसुली विभागात सव्वीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. तरी डिसेंबर आला की माझा फोन वाजायला लागतो. तिकडची मंडळी सुट्टीवर घरी आलेली असतात आणि आईने कपाटात सांभाळून ठेवलेला पाकिटांचा गठ्ठा हाती लागलेला असतो. परवाच एक जण म्हणाला, "काका, २०१४ चं क्रेडिट कार्ड आहे, सव्वा लाखाचं. आता साडेनऊ लाख म्हणतायत. काल पाच हजार भरून टाकले, म्हणजे जरा शांत बसतील."

ते पाच हजार भरायला नको होते. का, ते पाचव्या टप्प्यात सांगतो.

हा लेख भारतात कर्ज मागे ठेवून बाहेर गेलेल्यांसाठी आहे: कार्ड, वैयक्तिक कर्ज, शैक्षणिक कर्ज, गृहकर्ज, गावच्या पतसंस्थेचं कर्ज. चुकणाऱ्यांची दानत बहुतेक वेळा चांगलीच असते, त्यांचा क्रम उलटा असतो. आधी फोन, मग थोडे पैसे, मग चौकशी, आणि कागद कधीच नाही. खालचा क्रम मोडू नका. रक्कम मोठी असेल किंवा कोर्टात प्रकरण असेल तर वकील लागेलच, पण पहिले पाच टप्पे करून गेलात तर त्याच्याकडचे तुमचे तीन फेरे वाचतील.

(दुबई-अबुधाबीचं कर्ज तिथे सोडून इकडे आलेल्यांचा विषय वेगळा. भारत सरकारच्या १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर तिथल्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीला आणता येतो. त्यावर पुन्हा कधी.)

## टप्पा १: पाकिटं, पासपोर्ट आणि एक वही

पाचवा टप्पा पुरा होईपर्यंत तीन गोष्टी बंद: बँकेला फोन, एक रुपयाही भरणं आणि कशावरही सही.

घरी आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट मोबाईलवर टिपून घ्या. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आतल्या मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो, आणि नेमकं पाकीटच लोक फेकून देतात. मग पत्रांचे चार ढीग करा: बँकेची, वसुली एजन्सीची, वकिलाची, आणि कोर्ट किंवा न्यायाधिकरणाची. चौथ्या ढिगात एक जरी कागद सापडला तर आधी टप्पा ४ करा, बाकीचं मागून.

त्यानंतर हे जमवा:

- सगळे जुने पासपोर्ट, रद्द झालेलेसुद्धा. येण्याजाण्याच्या शिक्क्यांचं प्रत्येक पान टिपा.
- कर्जमंजुरीचं पत्र, करारनामा, जुने खातेउतारे. जे मिळेल ते.
- पॅन. तुमचा पॅन 'निवासी' म्हणून नोंदलेला असेल आणि आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय झालेला असू शकतो. अनिवासींना जोडणीतून सूट आहे, पण आपण अनिवासी आहोत हे आयकर खात्याला कळवावं लागतं.
- कर्ज घेतानाचा मोबाईल नंबर. तो बंद पडून दुसऱ्या कोणाला गेला असेल तर तशी नोंद करा. बँकेचे ओटीपी आणि एसएमएस अजून तिकडेच जात असतील.

वहीत प्रत्येक कर्जाला एक पान द्या. कर्ज कधी घेतलं, किती, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यातून गेला, कोरे चेक दिले होते का, सहकर्जदार कोण, जामीनदार कोण. 'शेवटचा भरणा' ही तारीख लाल शाईने लिहा.

विचारून घ्या: आईवडिलांना शांतपणे विचारा, मधल्या काळात कोणी घरी येऊन सही घेऊन गेलं का? "नुसती पोच म्हणून" घेतलेल्या सह्यांत 'देणं मान्य आहे' अशी ओळ निघालेली मी पाहिली आहे. वडील सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील तर तुमचं कर्ज फेडायची जबाबदारी त्यांच्यावर नाही. शैक्षणिक कर्जात मात्र पालक बहुधा सहकर्जदार असतात, मुलाला ते आठवत नाही एवढंच.

सावधान: व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' धाडणारा, व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशात बसलेला माणूस भामटा असतो. खऱ्या प्रकरणाला कोर्टाचं नाव आणि केस क्रमांक असतो. ते मागा आणि स्वतः तपासा.

## टप्पा २: चारही क्रेडिट रिपोर्ट

भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. सहकारी बँकेची नोंद एकीत असते, दुसरीत नसते.

जुना मोबाईल नंबर बंद असल्याने ऑनलाइन ओळख पटत नाही, तिथे बहुतेक जण हात टेकतात. त्यांच्या ग्राहक सेवेला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज करा. वेळ लागतो, पण काम होतं.

रिपोर्टमधला स्कोअर पाहून छाती बडवून घेऊ नका, तो आत्ता आपल्या कामाचा नाही. प्रत्येक खात्यापुढच्या या चार गोष्टी वहीत उतरवा: सध्याचा धनको (ज्याचं देणं लागता तो) कोण, शेवटच्या भरण्याची तारीख, 'राइट ऑफ' की 'सेटल्ड' (कमी रकमेत तडजोड) की थकीत, आणि दावा दाखल असल्याचा उल्लेख.

इथे दोन गैरसमज हमखास होतात.

'राइट ऑफ' म्हणजे माफ झालं, हा पहिला. बँकेने आपला ताळेबंद साफ करायला केलेली ती हिशेबी नोंद आहे. वसुलीचा हक्क शाबूत असतो.

दुसरा गैरसमज: रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणजे कर्ज संपलं. या कंपन्यांना नोंदी किमान ७ वर्षं ठेवाव्या लागतात, त्यानंतर नोंद गळू शकते. नोंद गळली तरी देणं आपल्या जागी असतं.

## टप्पा ३: तुमचं कर्ज आज नक्की कोणाकडे आहे?

दहा वर्षांत बँकांची नावंच पुसली गेली आहेत. आयएनजी वैश्य २०१५ मध्ये कोटक महिंद्रात गेली. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात. आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत, त्याच दिवशी सिंडिकेट कॅनरात. सिटीबँकेची कार्डं आणि वैयक्तिक कर्जं १ मार्च २०२३ ला ॲक्सिसकडे आली. पीएमसी बँक २०२२ च्या जानेवारीत युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तिथे देणं अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेचे व्यवहार मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, भरायचं असतं.

हे झालं विलीनीकरण. त्याहून घोळाचा प्रकार म्हणजे विक्री. बँका थकीत कर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. यांना धंद्यात 'एआरसी' म्हणतात. कर्ज विकलं गेलं की तुमचा धनको एआरसी. जुन्या शाखेत जाऊन मॅनेजरशी कितीही गोड बोललात तरी त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

आणि तुम्हाला रोज फोन करणारा मुलगा या दोघांपैकी कोणीच नसतो. तो कमिशनवर काम करणाऱ्या एजन्सीचा माणूस. त्याला सूट द्यायचा अधिकार नाही, त्याच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

तपासून घ्या: एआरसीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का? तुमचं खातं त्यांच्याकडे सोपवल्याचं पत्र आहे का? क्रेडिट रिपोर्टमधलं धनकोचं नाव त्या पत्राशी जुळतं का? तिन्ही जुळेपर्यंत पुढे सरकू नका. एकाला पैसे भरून दुसऱ्याची नोटीस आलेले दोन तरी लोक माझ्या ओळखीत आहेत.

## टप्पा ४: कोर्टात काही चालू आहे का?

कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी विमानतळावर अटक होत नाही. पण चेक परत गेला असेल तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी आहे. २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ईसीएस किंवा एनएसीएचचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता परत गेल्यावरही तशीच तरतूद आहे. समन्स जुन्या पत्त्यावर जात राहतं, तुम्ही हजर होत नाही, मग वॉरंट निघतं. घाबरायचं तर याला.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. तो असा घ्या:

१. जिल्हा निवडा. कर्ज घेतलं तो, राहता पत्ता होता तो, आणि बँकेचं वसुली कार्यालय होतं तो, असे तिन्ही.

२. नावाची सगळी रूपं घाला. आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावासह आणि नावाशिवाय. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'क्ष', 'ज्ञ' आणि 'व' यांनी फार लोकांना चकवलं आहे.

३. कर्ज थकलं त्या वर्षापासून पुढची प्रत्येक साल वेगळी तपासा, प्रलंबित आणि निकाली दोन्हींत.

४. २०१५ ची कायदादुरुस्ती होण्याआधी काही बँका चेकची प्रकरणं चेन्नई, कोलकाता, दिल्ली अशा दूरच्या शहरांत टाकत. कर्ज त्या काळातलं असेल तर तीही शहरं पाहा.

५. रक्कम २० लाख किंवा जास्त असेल तर कर्ज वसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी, वेगळं तपासा. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबादला आहेत.

केस सापडली तर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक वहीत लिहा आणि वकील गाठा. तुमच्या पाठीमागे एकतर्फी हुकूमनामा झाला असेल आणि समन्स नीट बजावलंच नसेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवस, आणि समन्स बजावलं नसेल तेव्हा ती तुम्हाला हुकूमनामा कळला त्या दिवसापासून धावते. म्हणजे ई-कोर्ट्सवर नाव दिसलं, त्याच आठवड्यात वकील.

लूकआउट सर्क्युलरबद्दल, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवण्याच्या सूचनेबद्दल, नेहमी विचारणा होते. २३ एप्रिल २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी बँकांच्या प्रमुखांना थकबाकीदाराविरुद्ध असं सर्क्युलर मागण्याचा परस्पर अधिकार नाही. कोर्टाच्या आदेशाने निघालेल्यांना हा निकाल लागू नाही. म्हणून आधी केस शोधा, मग तिकीट काढा.

सावधान: "पगाराचं खातं बंद करून टाकलं, आता चेक कसा टाकतील?" चेक 'खातं बंद' या शेऱ्याने परत आला तरी १३८ लागू शकतं. कर्ज घेताना दिलेल्या कोऱ्या चेकवर तारीख नंतर पडते, हे लक्षात ठेवा.

## टप्पा ५: मुदतीचा हिशेब, आणि ते पाच हजार

सगळ्यात जास्त गफलत इथे. "तीन वर्षं झाली की कर्ज कालबाह्य" हे गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. तारण नसलेल्या कर्जाला दाव्याची मुदत ३ वर्षं, हे खरं. गहाणाच्या पैशाला १२ वर्षं. हुकूमनामा झाला असेल तर त्याच्या अंमलबजावणीलाही १२ वर्षं.

पण मुदत कायदा, १९६३ चं कलम १५, पोटकलम ५ कोणी वाचत नाही. दावा ज्याच्यावर करायचा तो भारताबाहेर असेल, तर तो बाहेर असलेला काळ मुदतीतून वगळायचा. तुम्ही विमानात बसलात की घड्याळ थांबतं, उतरलात की पुन्हा चालू.

त्या कार्डवाल्याचाच हिशेब मांडू. जून २०१४ ला गेला, ऑगस्ट २०१४ पासून कार्ड थकलं. २०१५ ते २०२५ दरवर्षी गणपतीत महिनाभर घरी. ११ खेपा गुणिले ३० दिवस, म्हणजे ३३० दिवस. मुदत ३ वर्षांची, म्हणजे १०९५ दिवस. अकरा वर्षं उलटूनही बँकेच्या खात्यात ७६५ दिवस शिल्लक! हा पठ्ठ्या मात्र २०१७ लाच सुटलो म्हणून पेढे वाटून बसला होता.

म्हणून पासपोर्टची पानं टिपायला सांगितली. प्रत्येक खेपेची येण्याची आणि जाण्याची तारीख वहीत मांडा, थकल्याच्या तारखेपासून भारतात घालवलेले दिवस मोजा. थकल्यानंतर सलग चार वर्षं पुण्यात राहून मग गेला असाल तर चित्र अगदी वेगळं निघेल. हा तक्ता वकिलाला दाखवा.

आता ते पाच हजार. मुदत संपण्याआधी तुम्ही थोडे पैसे भरलेत आणि त्याची तुमच्या सहीची किंवा हस्ताक्षराची नोंद असली, की त्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. देणं मान्य करणाऱ्या सहीच्या पत्राचंही तेच. मुदत संपून गेल्यावर नुसत्या भरण्याने कर्ज जिवंत होत नाही, पण "उरलेली रक्कम फेडीन" अशा लेखी वचनावर सही केलीत तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम २५ खाली ते नवं बंधन होतं. एजन्सीवाला 'टोकन' म्हणून पाच हजार घेतो आणि पावतीबरोबर एक फॉर्म पुढे सरकवतो, तो यासाठीच.

कर्ज बुडवायला शिकवतोय असं समजू नका. आयुष्यभर वसुली केली आहे मी. घेतलेलं परत करावं, पण मुदत शिल्लक आहे की नाही यावर तडजोडीच्या टेबलावर तुमची खुर्ची किती उंच हे ठरतं.

मुदत गेली तरी देणं नाहीसं होत नाही. फक्त दावा करायचा मार्ग बंद होतो. क्रेडिट रिपोर्टमधली नोंद आणि तारणावरचा हक्क राहू शकतो.

## पतसंस्थेचं कर्ज असेल तर

वरचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. सभासदाकडच्या येण्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात मुदतीची मोजणी वेगळी आहे. कलम ९२ प्रमाणे ती सभासद मरण पावल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून धरतात. तुम्ही अजून सभासद असाल, आणि बहुतेक जण असतात, तर 'कालबाह्य' हा शब्द विसरा.

शिवाय पतसंस्था दिवाणी दाव्याच्या भानगडीत पडतच नाही. ती सहकार खात्याच्या निबंधकाकडून '१०१ चा दाखला', म्हणजे त्याच कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला, काढते आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्यात तुमच्याबरोबर दोन्ही जामीनदारांची नावं असतात. तुम्ही टोरांटोला, जामीनदार वाईला, म्हणजे अधिकारी कोणाच्या दारात उभा राहणार ते सांगायला नको. या दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात.

म्हणून पतसंस्थेच्या बाबतीत पहिला फोन जामीनदाराला. मामा असोत, मित्र असो. त्याच्या पगारातून काही कापलं गेलं का, त्याचं स्वतःचं कर्ज नाकारलं गेलं का, विचारा. त्याने भरलेले पैसे तो तुमच्याकडून कायद्याने मागू शकतो, आणि कायद्याआधी माणुसकीनेही. त्याची रक्कम वहीत वेगळ्या पानावर मांडा.

गावच्या जमिनीचा सातबारा काढून 'इतर हक्क' पाहा. संस्थेचा बोजा चढलेला असेल तर तिथे दिसेल. एकरकमी परतफेड योजना चालू आहे का, हे संस्थेत आणि सहायक निबंधकांच्या कार्यालयात, दोन्हीकडे विचारा.

## टप्पा ६: पहिलं पत्र

आता संपर्क करायचा, तोही लेखी. धनकोच्या अधिकृत तक्रार निवारण किंवा नोडल अधिकाऱ्याच्या ईमेलवर. मोघम "मला माझं कर्ज फेडायचं आहे" लिहिलंत की कबुली झाली. आशय असा ठेवा:

"माझ्या नावावर आपल्याकडे अमुक क्रमांकाचं खातं असल्याचं क्रेडिट रिपोर्टवरून दिसतं. कोणतंही देणं मान्य न करता आणि माझे सर्व कायदेशीर हक्क राखून मी पुढील कागद मागत आहे: करारनाम्याची प्रत, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, मुद्दल, व्याज, दंड व इतर आकार यांची वेगळी फोड, शेवटच्या भरण्याची तारीख, खातं अन्य कंपनीकडे सोपवलं असल्यास त्याचं पत्र, आणि दाखल केलेल्या सर्व प्रकरणांचे क्रमांक. यापुढील पत्रव्यवहार फक्त या ईमेलवर करावा."

पत्र इंग्रजीत जाईल, हरकत नाही. 'मान्य न करता' हे शब्द मात्र गाळू नका.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवी, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, परदेशातूनही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांची तक्रार निबंधकाकडे.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना छळायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेजाऱ्यांसमोर तमाशा झाला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यात हे कामाला येतं.

## टप्पा ७: आकडा

उतारा आला की मुद्दल वेगळं काढा. बोलणी मुद्दलावरून सुरू करायची. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर उशिराचा आकार, त्यावर कर, म्हणून सव्वा लाखाचे साडेनऊ होतात. पहिला सांगितलेला आकडा हा कधीच शेवटचा नसतो. कधीच नाही. मी स्वतः सांगत आलो आहे.

"कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे" हा मुद्दा मांडू नका. ग्राहक आयोगाचा २००८ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. समोरच्याला हे माहीत असतं आणि तुमचा बाकीचा अभ्यासही कच्चा ठरतो.

पूर्ण भरणा की तडजोड, हे स्वतःशी आधी ठरवा. दोन-तीन वर्षांत परत येऊन घर घ्यायचं असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घेणं बरं. तडजोडीत रिपोर्टवर 'सेटल्ड' लागतं आणि पुढचा मॅनेजर ते वाचून भुवया उंचावतो. त्याच बँकेकडून पुढचे किमान १२ महिने नवं कर्जही मिळत नाही. भारतात पुन्हा कर्ज घ्यायचंच नसेल तर 'सेटल्ड'ने काही बिघडत नाही.

वेळ साधायची असेल तर मार्च एंड आणि राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख या दोन संधी. मार्चमध्ये मंजुऱ्या लवकर सुटतात. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून तिथे हप्ते कबूल कराल तर झेपतील तेवढेच करा. चुकलात की थेट अंमलबजावणी.

सावधान: बोलणी चालू असताना त्याच बँकेत एनआरओ (अनिवासींचं) खातं उघडून रक्कम ठेवू नका, मुदतठेव तर नकोच. ती परस्पर कर्जात वळती करून घेण्याचा हक्क बँक सांगते.

स्वतः येणं शक्य नसेल तर भावाच्या नावे अधिकारपत्र करा, पण फक्त या खात्यापुरतं. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र देऊन टाकू नका. भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा तिथला सरकारी शिक्का) करून ते पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा, हे विसरून बरीच पत्रं वाया जातात.

## टप्पा ८: पैसे

तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय नाही. पत्र धनकोच्या लेटरहेडवर, अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं. त्यात काय हवं ते ओळीने तपासा: खाते क्रमांक, अंतिम रक्कम आकड्यात आणि अक्षरात, शेवटची तारीख, कोणत्या खात्यात भरायचं, यानंतर काहीही येणं राहणार नाही असं वाक्य, दाखल प्रकरणं मागे घेण्याची हमी, सहकर्जदार व जामीनदार मुक्त झाल्याचा उल्लेख, क्रेडिट कंपन्यांना काय कळवणार ते. जामीनदाराची ओळ निम्म्या पत्रांत नसते. परत पाठवा, घालून देतात.

भरणा कर्जखात्यातच. एजंटच्या यूपीआयवर, रोखीने, "साहेबांच्या खात्यात", कधीही नाही. स्वतःच्या एनआरओ किंवा एनआरई खात्यातून भरा, म्हणजे माग राहतो. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी भरा. परदेशातून रक्कम यायला मध्ये शनिवार-रविवार येतो, इथे दिवाळीची सुट्टी असते, आणि एक दिवस चुकला तरी तडजोड मोडली म्हणायला ते मोकळे.

## टप्पा ९: कागद हातात आल्यावरच फाईल बंद

भरणा झाल्यावर लोक सुस्कारा सोडून विमानात बसतात. उरलेलं काम असं:

- बेबाकी दाखला, म्हणजे नो ड्यूज, मूळ प्रत. शून्य शिल्लक दाखवणारा खातेउतारा.
- दिलेले कोरे चेक परत, किंवा ते नष्ट केल्याचं लेखी.
- कार्ड असेल तर बंद करण्याचा वेगळा अर्ज. बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नंतर दिवसाला ५०० रुपये दंड.
- घर तारण असेल तर मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.
- कोर्टात केस असेल तर पुरसीस, म्हणजे पक्षकाराचं लेखी निवेदन, दाखल होऊन प्रकरण निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत. बँक "मागे घेऊ" म्हणते आणि तारखा पडत राहतात. ई-कोर्ट्सवर 'निकाली' दिसेपर्यंत दर आठवड्याला पाहा. फौजदारी प्रकरण प्रलंबित असलं की पासपोर्टचं नूतनीकरणही अडकू शकतं.
- सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला दाखल्यासह तलाठ्याकडे अर्ज. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून 'इतर हक्क' स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दीड-दोन महिन्यांनी चारही क्रेडिट रिपोर्ट पुन्हा तपासा. नोंद चुकीची असेल तर तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, मात्र ती जमा होण्यासाठी तुमचा बँक खाते क्रमांक तक्रारीत घालावा लागतो.

सगळ्या कागदांच्या दोन प्रती काढा. एक तिकडे तुमच्याजवळ आणि दुसरी जामीनदाराच्या घरी. ती मात्र पोस्टाने पाठवू नका, पुढच्या गणपतीत स्वतः नेऊन द्या.